बाईंच्या आभाळातली नीळ

बाई, श्रीरंगचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. "आई गेली. पहाटे, झोपेतच," तो म्हणाला. मी नुसतं "हो" म्हटलं, फोन ठेवला, स्टुलावर बसले, आणि मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. रडू नंतर आलं, बसस्टॉपवर, आणि चांगलं भरपूर आलं. शेजारच्या चिनी आजीनं न विचारता टिश्यूचं अख्खं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. पण आधी हायसं वाटलं, आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तुमच्यापासून एकदा एक गोष्ट लपवून पाहिली होती, तिचं काय झालं ते आपल्या दोघींना ठाऊक आहे.

तुम्ही सुटलात, हे तर झालंच. त्या कॅन्सरनं शेवटच्या दीड महिन्यात तुमची जी दशा केली ती बघवत नव्हती. तांदळाची पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. पण माझं हायसं वाटणं त्याहून जरा स्वार्थी होतं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या दोघींमध्ये एकही खोटं शिल्लक नव्हतं. असं कुणाचं जाणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आपली ओळख झाली तीही तुम्ही ओरडत असताना. पोस्टडॉक म्हणून सिंगापूरला येऊन मी यिशुनमध्ये खोली भाड्यानं घेतली, त्याच आठवड्यातला रविवार. सकाळी तळ्याकाठी फिरायला गेले तर सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज अशा थाटात घडीच्या स्टुलावर बसलेल्या एक बाई समोरच्या कागदाला दम देत होत्या, "वाळ की रे मेल्या!" मला हसू फुटलं. तुम्ही मागे वळून म्हणालात, "मराठी का? मग हसतेस काय, फुंकर मार." मी फुंकर मारायला वाकले, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी वाकतच राहिले.

मिरजेच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना पोरांच्या फौजा बसवून तुम्ही मुलाकडे इथे आला होतात. नियम मात्र मिरजेचेच. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. पांढरा रंग हातात धरायचा नाही, पांढरं म्हणजे कागद. आता इथल्या दमट हवेत टॉवेल वाळत नाही तिथे कागदावरचं आभाळ कुठून वाळणार? मी म्हटलं, हेअर ड्रायर वापरा. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी पुरणपोळी मायक्रोवेव्हमध्ये भाजायला सांगितली. कागदांना बुरशी लागते म्हणून श्रीरंगच्या कॅमेऱ्याच्या, हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटातून त्याच्या महागड्या लेन्स काढून तुम्ही सोफ्यावर मांडल्यात आणि आत आपले कागद ठेवलेत. तो बिचारा आयटीतला मॅनेजर, हाताखाली चाळीस माणसं, पण घरी त्या कपाटाबद्दल ब्र काढायची त्याची छाती नव्हती.

आणि तुमचं पुस्तक. ते तुम्ही मिरजेतच लिहायला घेतलं होतं, चित्रकलेच्या शिक्षकांसाठी, साध्या मराठीत. त्याचं मूळ एका प्रश्नात होतं. आपल्याकडचं प्रत्येक पोर निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर काढतं, मधून सूर्य, खाली नदी आणि कडेला झोपडी. "मिरजेतल्या कुठल्या पोरानं दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य पाहिलाय? मग हे आलं कुठून?" या प्रश्नाचं बोट धरून तुम्ही थेट विलायतेला पोचलात. तिथे आधी निसर्ग म्हणजे माणसाच्या मागचा पडदा. मग श्रीमंतांना आपापल्या बंगल्यांची आणि बागांची चित्रं हवीशी झाली. लष्कराला आणि मोजणीवाल्यांना किनारे, खिंडी, किल्ले कागदावर हवे होते. पेन्सिलीची रेघ, तिच्यावर राखाडी सावल्या आणि वरून पुसटसा रंग, एवढाच तेव्हा जलरंगाचा मान. "शिकलासवरलेला नकाशा," असं तुम्ही त्याला म्हणायचात. मग कुणी रेघ सोडली, कुणी खालचा राखाडी सोडला आणि रंग थेट पांढऱ्या कागदावर सोडला. उजेड रंगवायचा नाही, राखायचा. तेलरंगवाले नाकं मुरडायचे म्हणून या लोकांनी आपली वेगळी प्रदर्शनं भरवली. तीच पद्धत पुढे मुंबईच्या चित्रशाळेत आली, तिथून कोल्हापूरच्या तुमच्या सरांकडे, सरांकडून तुमच्याकडे, आणि तुमच्याकडून यिशुनच्या तळ्याकाठी फुंकर मारणाऱ्या माझ्याकडे.

पण तुमचा जीव होता पाचव्या प्रकरणात. विलायतेतल्या कितीतरी जुन्या जलरंग चित्रांमध्ये आभाळ तांबूस दिसतं, ढगांना विटकरी झाक असते, भर दुपारच्या चित्रातसुद्धा. थंड, करड्या देशातल्या माणसांना हा रंग सुचला कसा? तुमचं उत्तर होतं, आपल्याकडून. कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडे आलेले मोजणीवाले इथली दमट संध्याकाळ कागदावर घेऊन परत गेले आणि तिथल्यांनी ती उचलली. सिंगापूरला आल्यावर तर तुमची खात्रीच पटली, कारण संध्याकाळी सातला तुमच्या नवव्या मजल्यावरच्या खिडकीतून तेच आभाळ दिसायचं. "सगळं त्यांच्याकडून आलं, सगळं त्यांच्याकडून आलं, हेच ऐकत म्हातारी झाले," तुम्ही म्हणायचात. "एक तरी गोष्ट आपल्याकडून गेली की नाही? आभाळ आपण शिकवलं त्यांना." हे म्हणताना तुमचा चेहरा असा फुलायचा की मी दर वेळी मान डोलवायचे.

मग ते झालं. माझी एक मैत्रीण जुन्या कागदांची दुरुस्ती करते. एक दिवस तिनं चौकटीतून काढलेलं एक इंग्रजी नदीचित्र दाखवायला मला बोलावलं. आभाळ अगदी तुमच्या प्रकरणातलं, तांबूस. पण चित्राच्या कडेला, जिथे इतकी वर्षं पुठ्ठ्याची किनार बसली होती आणि उजेड पोचला नव्हता, तिथे बोटभर रुंदीची एक पट्टी होती. ती निळसर राखाडी होती. पावसाळी, थंड, अस्सल विलायती आभाळ! मी रंगद्रव्यांवरच काम करते, मला समजायला अर्धं मिनिट पुरलं. त्या काळचे लोक ढगांसाठी नीळ आणि गेरूसारखी तांबडी माती एकत्र करायचे, त्यातून सुंदर राखाडी मिळतो. माती टिकते. नीळ उजेडात उडते. मागे उरतो तो तांबूस रंग. तो कुणी शिकवला नव्हता, कुणी रंगवलाही नव्हता.

मी फोनमध्ये फोटो काढला आणि फोन पर्समध्ये टाकला. तुम्हाला दाखवायचं ठरवून मी रविवारी आले, तर दार उघडणाऱ्या श्रीरंगचे डोळे लाल होते. आदल्या दिवशीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानं मला लिफ्टपाशी नेऊन हळू आवाजात म्हटलं, "पाच-सहा महिने. पुस्तक तेवढं तिच्या हातात पडू दे. तू मुद्रितं तपासशील ना?"

दोन महिने मी गप्प राहिले. दर रविवारी तुमच्यासमोर पाचवं प्रकरण वाचायचं, ऱ्हस्वदीर्घ सुधारायचं आणि "छान झालंय" म्हणायचं. एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. माझे बाबा गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना शेवटपर्यंत फसवलं होतं. साधा अल्सर आहे, दिवाळीपर्यंत ठणठणीत व्हाल. बाबांना कळलेलं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं, पण आम्ही त्यांना बोलायला जागाच ठेवली नाही. त्यामुळे त्यांनाही आमच्याशी नाटक करावं लागलं. ते ओझं माझ्या छातीवरून अजून उतरलेलं नव्हतं आणि मी पुन्हा तेच करत होते, या वेळी आभाळाच्या नावानं.

शेवटी एका रविवारी मी फोटो तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. पट्टीवर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिलात. मी नीळ, गेरू, उजेड असं भडाभडा सांगत सुटले. तुम्ही एवढंच म्हणालात, "चहा झाला असेल तर नीघ आता." मी लिफ्टमधून उतरताना स्वतःला शिव्या घातल्या. मरणाच्या दारातल्या बाईचं आभाळ हिसकावून घेतलंस, काय मिळवलंस?

पण तुम्ही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेतच. महिन्याभरानं फोन आला, आवाजात विजयाचा खणखणीतपणा. "ये. शिरा केलाय." तुम्ही घरातल्या ट्यूबमधली नीळ आणि तांबडा मिसळून कागदावर पट्टी ओढली होती, अर्धी पुठ्ठ्यानं झाकून पश्चिमेच्या खिडकीला चिकटवली होती. इथलं सूर्यमहाराजांचं ऊन, तेही चार आठवडे! पुठ्ठा काढलात. दोन्ही अर्ध्या भागांत तसूभर फरक नव्हता. "बघ. कुठे उडाली तुझी नीळ? पाचवं प्रकरण आहे तसं राहणार. खा शिरा."

आणि बाई, मी शिरा खाल्ला. मला त्या क्षणी माहीत होतं की हल्लीच्या ट्यूबमध्ये नीळ नसतेच. नाव तेवढं नीळ. आत दुसरा पक्का निळा आणि थोडा काळा कालवलेला असतो, म्हणूनच तो रंग उडत नाही. पण तुम्ही इतक्या दिवसांनी हसत होतात. स्वतःला घास उतरत नसताना माझ्यासाठी बेदाणे घालून शिरा केला होतात. मी म्हटलं, "चुकलं माझं, बाई." बाबांच्या वेळी शिकलेली कला अशी अडीअडचणीला धावून येते.

त्यानंतरचे दहा दिवस मला झोप नीट लागली नाही. तुमची नात ओवी नसती तर मी तशीच राहिले असते आणि आज हे लिहायला माझा हात उचलला नसता. ओवीला शाळेत भिंग मिळालं होतं आणि ती घरातली दिसेल ती अक्षरं वाचत सुटली होती. बिस्किटाचे पुडे झाले, औषधांच्या बाटल्या झाल्या, मग तुमचे रंग. "आजी, this one not indigo lah," ती म्हणाली. "Inside got black!"

तुमचा फोन आला तेव्हा मी एमआरटीच्या गाडीत होते. "मुक्ते, तुझी पीएचडी कशात झाली?"

"रंगद्रव्यांच्या टिकाऊपणात."

"ट्यूबमध्ये नीळ नसते, हे तुला माहीत होतं?"

डब्यात गर्दी होती. मी दाराकडे तोंड केलं. "हो, बाई."

"माहीत असून शिरा खाल्लास?"

मी दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचायला लागले.

"मी आजारी आहे, बावळट नाही," तुम्ही म्हणालात. एवढ्या अशक्त शरीरातून एवढा मोठा आवाज निघाला कसा कोण जाणे. "तीस वर्षांत एका पोराला मी दयेचा एक मार्क दिला नाही. मला दयेचे मार्क देणारी तू कोण गं? सगळे माझ्याशी गोड बोलतात. श्रीरंग गोड बोलतो, नर्स गोड बोलते, मिरजेहून फोन येतात तेही गोड. एक तू होतीस. तुला भांडता येतं म्हणून तुझी वाट बघायचे मी रविवारी." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणालात, "खरी नीळ कुठे मिळते ते बघ. आणि लवकर बघ. माझ्याकडे वेळ नाही."

मी दोन स्टेशनं पुढे गेले तरी उतरले नाही. इतकी बोलणी खाल्ल्यावर माणसाला रडू यायला हवं, आणि मला तर शाळा सुटल्यासारखं वाटत होतं.

नीळ मागवली, खरी, झाडापासूनची, खड्याच्या रूपात. श्रीरंगनं रजा टाकून ती खलात घोटली, त्याचे पांढरे शर्ट गेले ते गेलेच. डिंक भिजवला, मधाचा थेंब घातला. तुम्ही पलंगावरून हुकूम सोडत होतात, "अजून घोट. कंपनीत मिटिंगा करतोस तसं नको, मनापासून घोट." पट्टी मात्र तुम्हीच ओढलीत. हात कापत होता, म्हणून तुम्ही कोपर उशीवर टेकवलंत आणि एका दमात डावीकडून उजवीकडे ब्रश नेलात. कुठे डाग नाही, कुठे थांबल्याची खूण नाही. ओवीच्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा तुकडा अर्ध्यावर लावला आणि पट्टी खिडकीला गेली.

सहा आठवडे. तेवढे दिवस तुम्ही राहाल की नाही याची श्रीरंगला धास्ती होती, मला होती, तुम्हाला मात्र नव्हती. "शेवटचा पेपर हातात आल्याशिवाय पर्यवेक्षक वर्ग सोडत नाही," म्हणायचात. रोज चारला ऊन खिडकीत आलं की मान वळवून बघायचात. आम्ही तो तुकडा काढला त्या दिवशी तुम्हाला उठून बसवावं लागलं. झाकलेला भाग पावसाळी राखाडी होता. उघडा भाग तांबूस झाला होता, पाचव्या प्रकरणातल्या आभाळासारखा अगदी.

मी तुमच्याकडे बघायची हिंमत करत नव्हते. तुम्ही हसलात. खुदुखुदु, पोट दुखत असताना, पोट धरून. "म्हणजे तीस वर्षं मी उन्हाची करामत शिकवत होते," म्हणालात. आणि मग माझा हात धरून म्हणालात, "सुटले गं बाई. त्या प्रकरणाची बाजू लढवता लढवता थकले होते. आतून कुठेतरी वाटायचं की भर दुपारी असं आभाळ नसतं." बाई, हे तुम्ही आधी का नाही बोललात? तुम्हीही मला दयेचे मार्क देत होतात की काय?

नवं पाचवं प्रकरण तुम्ही मला तोंडी सांगितलंत, चार दुपारी, थांबत थांबत. त्यात ती नीळ कुठून यायची तेही आलं. ती आपल्याकडूनच तर जायची, बंगालातून, जहाजं भरभरून. "आभाळ नाही शिकवलं, पण आभाळातला निळा आपला होता," म्हणून तुम्ही क्षणभर फुललात आणि लगेच मला दटावलंत, "ज्यांच्याकडून ती बळजबरीनं पिकवून घेतली त्यांचं आधी लिही. मग फुशारकी." एवढ्या वेदनेतही तुमचा क्रम बिघडला नाही. पहिला थर वाळल्यावर दुसरा.

एक भांडण तेवढं राहिलं. त्या चित्रकारांना नीळ उडणार हे ठाऊक होतं का? तुमचं म्हणणं, होतं, आणि तरी त्यांनी वापरली, कारण तसा राखाडी दुसऱ्या कशातून येत नाही. माझं म्हणणं, मिटणार हे माहीत असून इतक्या निगुतीनं कोण काम करतं? "मी करतेय की," तुम्ही म्हणालात, आणि मी विषय बदलला. ते उत्तर होतं हे मला घरी गेल्यावर कळलं. तरीही मी पूर्ण मान्य केलेलं नाही, नोंद असू द्या.

तुमच्याकडून मी काय शिकले हे सांगायला गेले तर तुम्ही "भाषण नको" म्हणाल, म्हणून एवढंच सांगते. परवा आईला फोन केला आणि बाबांच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा सगळं बोलले. आई बराच वेळ रडली, मग म्हणाली, बरं झालं बोललीस. तुमचं नावही सांगितलं तिला.

काल श्रीरंगनं छापखान्याकडून आलेली शेवटची मुद्रितं पाठवली. पाचवं प्रकरण स्वच्छ आहे. पण तिसऱ्या प्रकरणात, पान बेचाळीसवर, तुमचा तो तरुण चित्रकार, खालचा राखाडी पहिल्यांदा सोडणाऱ्यांतला, लंडनहून डोंगराळ मुलखाकडे निघतो तिथे मी अडकले. किती सुरेख लिहिलंय तुम्ही. खिडकीतून पळणारी झाडं, मांडीवर कागदांची गुंडाळी, शिट्टी होते आणि दूरवर पहिला निळा डोंगर दिसतो. आजवर कितीदा वाचलं असेल, कधी लक्षातच आलं नाही. मी श्रीरंगला सांगितलं तर तो म्हणाला, "राहू दे ना, मुक्ता. आईचं वाक्य आहे. आता कोण विचारणार?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बाई, तुमचं चुकलंय. तो निघाला तेव्हा आगगाडी सुरूच झाली नव्हती, तिला अजून पुष्कळ वर्षं होती. तुम्ही जंक्शनच्या गावातल्या, जग गाडीनंच जातं असं तुम्हाला वाटणार. मी पेन्सिल घेतली आणि त्याला गाडीतून खाली उतरवलं. आता तो पायी निघालाय.